घ्यायचं तर खिडकीतून घ्या

मी आइस्क्रीमची गाडी बोलतेय. थांबा, पोरांना हाका मारू नका. माझ्या पोटात आइस्क्रीम नाही. एके काळी होतं, आता बीफ असतं. हे ऐकून ज्यांना पान उलटायचं असेल त्यांनी खुशाल उलटावं, मी मुळीच रागावणार नाही. पण ऐकणार असाल तर समोर उभे राहून ऐका. चोरून ऐकणाऱ्यांचा आणि चोरून घेणाऱ्यांचा मला मनापासून कंटाळा आला आहे.

माझा जन्म ओहायोतल्या एका शेडमध्ये झाला. आले तेव्हा मी साधी सामानाची गाडी होते. तिथल्या माणसांनी माझ्या पाठीवर पांढरी पेटी चढवली, एका बाजूला सरकती खिडकी केली, खिडकीखाली फळी लावली आणि जाड भिंतींच्या आत थंडीचे पत्रे बसवले. रात्रभर विजेची वायर जोडून ठेवली की ते पत्रे गोठतात, आणि मग दिवसभर उन्हात उभी केलीत तरी आतला माल हलत नाही. डोक्यावर एक भोंगा बसवला आणि बाजूला भलामोठा कोन रंगवला, वर लाल चेरी. त्या चेरीचा मला तेव्हा फार तोरा होता.

पहिला मालक सॅल. मिशिगनमध्ये ॲन आर्बर आणि आसपासच्या गल्ल्यांतून त्याने मला वर्षानुवर्षं फिरवलं. माणसं कशी असतात ते मी त्या खिडकीतून शिकले. लहान मूल पैसे पुढे करतं, मागतं आणि खातं, विषय संपला. मोठी माणसं मात्र आधी "मला नको, डाएट चाललंय" म्हणतात, मग पोराच्या हातातला अर्धा कोन चाटून संपवतात आणि पोरालाच ओरडतात की कपड्यांवर सांडू नकोस.

मिशिगनच्या हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. त्या मिठाने माझं पोट खालून खाल्लं. सॅलचे गुडघेही गेले. त्याने मला एका गॅरेजवाल्याला विकलं आणि त्या गॅरेजवाल्याने मला मागच्या गवतात नेऊन टाकलं. भोंग्यात गांधीलमाश्यांनी घर केलं. ड्रायव्हरच्या सीटवर एका रकूनने पिल्लं घातली. कोणी विचारलं नाही, कोणी पुसलं नाही. मी रडले नाही, पण त्या गॅरेजवाल्याला शिव्या मात्र भरपूर घातल्या.

मग एक दिवस उत्तरा आली. ही पंचविशीतली मुलगी, जन्म इथलाच, ॲन आर्बरचा. वडील एकनाथ मूळचे कराडकडचे, गाड्यांच्या कंपनीत इंजिनियर. आई मालिनी पुण्याची. उत्तराने माझा रंग पाहिलाच नाही. थेट गवतात आडवी झाली, माझ्या खाली शिरली, गंज ठोकून बघितला आणि बाहेर येऊन म्हणाली, "शी विल डू." मला कोणी 'शी' म्हटलं की बरं वाटतं.

उत्तराने विद्यापीठात गुरांच्या शेतीचा अभ्यास केला होता. त्यासाठी फिरताना तिला लॉइस भेटली. लॉइस ही शहराबाहेर अर्ध्या तासावर राहणारी विधवा बाई, पांढऱ्या तोंडाच्या तांबड्या हेरफर्ड गाई पाळणारी. वासरं गवतावर वाढवायची, तयार झाली की बैल बाजारात न्यायचे. तिथे भाव घेणारा सांगणार आणि देणाऱ्याने मान हलवायची. ते मांस मग कुठल्या तरी भल्या मोठ्या कारखान्यात जायचं, चार राज्यं फिरायचं आणि भलत्याच नावाने ॲन आर्बरच्याच दुकानात परत यायचं. इथली माणसं लॉइसच्या कुरणावरून गाडी चालवत जाऊन ते विकत आणायची. हा द्राविडी प्राणायाम कशासाठी, ते मला अजून कोणी समजावून सांगितलेलं नाही.

उत्तराचं म्हणणं साधं होतं. लॉइसची आणि तिच्यासारख्या शेजाऱ्यांची जनावरं जवळच्या छोट्या कत्तलखान्यात, सरकारी तपासनिसासमोर कापायची. पाकिटावर शेताचं नाव घालायचं. आणि ती पाकिटं मी लोकांच्या दारात न्यायची. मी आयतीच गार होते. परवाना निघाला, माझ्या पोटाखाली नवा पत्रा बसला आणि आम्ही निघालो.

पहिल्या महिन्यात आम्ही सपाटून मार खाल्ला. गिऱ्हाईक यायचं आणि स्टेक मागायचं, नाहीतर खिमा. स्टेक तासाभरात संपायचे. पण जनावर काही नुसत्या स्टेकचं बनलेलं नसतं. मान, नळ्या, शेपूट, काळीज, हाडं सगळं माझ्या पोटात तसंच पडून राहायचं. एकदा लॉइसने दार उघडून आत पाहिलं आणि म्हणाली, "हनी, मी बीफ विकत नाहीये. मी मानांचं गोदाम चालवतेय."

मग तिने शांतपणे सांगून टाकलं. उन्हाळा संपेपर्यंत पूर्णच्या पूर्ण जनावरं लोकांकडे जाऊ लागली तर ठीक. नाहीतर ती बाजाराचा ट्रेलर बोलावणार आणि सगळा कळप विकणार, व्यायच्या गाईंसकट. एकदा गाई गेल्या की पुन्हा जमवायचं तिचं वय नव्हतं. कुरणावर घरं बांधायला टपलेले लोक तिच्या फाटकाशी येऊन गेलेच होते.

इकडे घरी वेगळाच तमाशा. मला वीज लागते, ती मालिनीबाईंच्या गॅरेजमधून यायची. पहिल्याच संध्याकाळी त्या बाहेर आल्या, वायरीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"उत्तरा, गाय आहे का गं आत?"

"नाही आई. बैल. स्टिअर्स."

"बैल तर आपण पोळ्याला पुजतो."

उत्तराने वायर नीट खोचली. मालिनीबाई काही दुष्ट नव्हत्या. लहानपणापासून जे पवित्र मानलं ते लेक विकतेय, याचं त्यांना दुःख होतं आणि ते खरं होतं. त्यांनी वायर काढली नाही. फक्त घरात एक पाकीटसुद्धा येता कामा नये, असं बजावलं आणि दार लावून घेतलं.

पण त्यांनी एक गोष्ट केली. मराठी मंडळातल्या बायकांनी विचारलं, उत्तरा सध्या काय करते, तर त्या म्हणाल्या, "तिने आइस्क्रीमची गाडी घेतलीय." माझ्या अंगावर कोन होताच, चेरीसकट. उत्तराला तो खरवडून काढायला अजून सवड झाली नव्हती. सगळ्यांचा विश्वास बसला. मग काय व्हायचं ते झालं. उन्हाळा संपता संपता होणाऱ्या मंडळाच्या पिकनिकसाठी माझं बुकिंग आलं.

मंडळाचे अध्यक्ष श्रीरामकाका. त्यांनी उत्तराला व्हॉट्सॲप केलं, "केशरपिस्ता आणि मँगो दोन्ही आण गं, पार्कची परमिशन मी काढलीय." उत्तरा गॅरेजमध्ये माझी वायर गुंडाळत होती. तिने मेसेज वाचला आणि तशीच स्वयंपाकघराच्या दाराशी गेली.

"आई, व्हॉट इज धिस?"

मालिनीबाईंनी वाचलं. पदर नव्हता, नाहीतर त्यांनी तो तोंडाला लावला असता. "एक दिवस," त्या म्हणाल्या. "एकच दिवस कुल्फी भरून ने. एवढं माझ्यासाठी कर."

"त्या दिवशी लॉइस माझ्याबरोबर असणारे. मंडेला तिने ट्रेलर बोलावलाय, आई. शी वॉन्ट्स वन लास्ट ट्राय. मी तिच्यासमोर कुल्फी विकू?"

मालिनीबाईंनी फोन परत दिला. उत्तराने तिथेच उभं राहून श्रीरामकाकांना उत्तर टाकलं, "काका, नो आइस्क्रीम. आय सेल बीफ. तरी येऊ का?" हे तिने माझ्यासमोर लिहिलं, मी साक्षीदार आहे. काकांचं उत्तर लगेच आलं. हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले चेहरे, आणि खाली, "भारी जोक! नक्की ये."

उत्तराने फोन खिशात घातला. "ही सेड नक्की ये," असं म्हणून ती मला भरायला लागली.

पिकनिक ह्युरॉन नदीकाठच्या पार्कात होती. शेडखाली मालिनीबाईंचा मसालेभात वाफाळत होता, पोरं फ्रिस्बी खेळत होती, एकनाथराव खुर्च्या मांडत होते. मी गवतात शिरले आणि पोरं धावत सुटली. मागून त्यांचे आईबाप, त्यांच्या मागून सासवा. माझ्यापुढे एवढी मोठी रांग सॅलच्या काळातही लागली नव्हती. लॉइसला वाटलं हे सगळे तिचंच गिऱ्हाईक. बिचारी डोळे पुसायला लागली.

उत्तराने खिडकी सरकवली. "हाय सगळ्यांना. मी आधीच सांगते, आइस्क्रीम नाहीये. आतमध्ये बीफ आहे, लॉइसच्या फार्मचं. ज्यांना हवंय त्यांच्यासाठी."

एका आजोबांनी नातवाचं बोट धरलं आणि त्याला माझ्यापासून असं ओढून नेलं की जणू मी चावतेय. रांग विरघळली. श्रीरामकाका तेवढे उरले. "अगं, मला खरंच जोक वाटला," ते कपाळ पुसत म्हणाले. "आता पार्टीभर ही गाडी इथे... जरा तिकडे झाडामागे लाव ना."

"मी इथे ठीक आहे, काका," उत्तरा म्हणाली.

मला त्या पोरीचा असा अभिमान वाटला म्हणून सांगू. ज्यांना खायचं नाही त्यांनी खाऊ नये, त्यांच्या घासाला कोणी हात लावलेला नाही. पण मला झाडामागे लावा म्हणणारे तुम्ही कोण? मी परवाना असलेली गाडी आहे. लॉइसने त्या बैलांना हिवाळ्यात हाताने गवत घातलंय. त्यात झाडामागे लपवण्यासारखं काय आहे?

आणि मग गंमत बघा. खिडकीपुढे चिटपाखरू नाही, पण माझ्या मागच्या दारावर टकटक व्हायला लागली. लॉइसने उघडलं. एक विद्यार्थी, कॅप कपाळावर ओढलेला. "दोन खिमा. काळी पिशवी आहे का?" त्याच्यामागे आणखी एक. त्याच्यामागे दोघी मैत्रिणी, इकडेतिकडे बघत. शेवटी श्रीरामकाकांचा डॉक्टर मुलगा अक्षत. मघाशी समोरच्या रांगेतून सगळ्यात आधी गेलेला हाच. लॉइसला ही लपवाछपवी कळत नव्हती, ती आनंदाने पाकिटं काढून देत होती. सगळ्यांना स्टेक आणि खिमा. कोणी मान मागितली नाही.

उत्तराने मागे येऊन पाहिलं. लॉइसच्या हातातली पाकिटं घेतली आणि परत आत ठेवली.

"सॉरी गाइज. घ्यायचं तर खिडकीतून घ्या."

"अगं यार उत्तरा, आईबाबा आहेत इथे," अक्षत कुजबुजला.

"माझे पण आहेत," उत्तरा म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

सगळे पांगले. बराच वेळ कोणीच आलं नाही. शेडखाली हसणं परत सुरू झालं, आमच्याकडे पाठ करून. लॉइसने टोपी काढली, फळीवर ठेवली. "लेट्स गो होम, हनी. तू प्रयत्न केलास." तिच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सहन होईना. इंजिन माझं असून मला ते बंद ठेवता येत नाही, नाहीतर मी तिथेच ठाण मांडलं असतं.

उत्तरा खिडकी ओढायला लागली तेवढ्यात शेडमधून ग्रेसीमावशी उठल्या. ग्रेसीमावशी वसईच्या. मंडळात सगळ्यांच्या लाडक्या, नर्स म्हणून काम करून आता निवृत्त झालेल्या. शेडपासून माझ्यापर्यंत मोकळं गवत होतं. आडोसा कुठेच नव्हता. त्या भर उन्हात, सगळ्यांच्या देखत, सावकाश चालत आल्या आणि खिडकीपुढे उभ्या राहिल्या.

"शेपूट आहे का गं?"

उत्तराला आधी कळलंच नाही. शेपूट आजवर कोणी मागितलं नव्हतं.

"मी इतकी वर्षं प्रत्येक पॉटलकला मटारभात आणते," मावशी मोठ्याने म्हणाल्या. त्या उत्तराशी बोलत होत्या, पण आवाज शेडपर्यंत जावा असाच होता. "सगळ्यांना आवडतो. पण घरी मी काय शिजवते ते कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आज या पोरीने सांगितलं तर तुम्ही तिला वाळीत टाकता? मला लाज वाटली माझी. दे बाई शेपूट. आणि आत काय काय उरलंय ते दाखव."

उत्तराने दाखवलं. मावशींनी कपाळाला हात लावला. "असं विकतात का? ज्याला जे हवं ते उचलू दिलंस तर हाडं तुझ्याच गळ्यात पडणार. वाटे घाल."

"वाटे म्हणजे?"

"आमच्याकडे जनावर कापलं की सारखे वाटे घालायचे. प्रत्येकात थोडं चांगलं, थोडी हाडं, थोडं काळीज. निवडायचं नाही. जो वाटा येईल तो आपला."

पिकनिकचं टेबल ओढून माझ्यापुढे आणलं. मावशींनी पाकिटं मांडायला सुरुवात केली. इथे एक स्टेक, त्यावर मान, शेजारी नळी. लॉइस पाहत राहिली आणि मग तीही मांडायला लागली, काळीज कुठे जड झालं, कुठे हलकं, ते हाताने तोलत. तेवढ्यात खुर्च्या मांडणारे एकनाथराव हात पुसत आले.

"कोण पाठ करून उभं राहणार?" त्यांनी विचारलं.

मावशी हसल्या. "तुम्हाला माहितीये?"

"आमच्या जत्रेत बकऱ्याचे वाटे असेच घालायचे. एकाने वाट्याकडे पाठ करायची, दुसऱ्याने वाट्यावर बोट ठेवून विचारायचं, हा कोणाचा? पाठ केलेल्याने नाव पुकारायचं. म्हणजे भांडण नाही." मग ते उत्तराकडे न बघता म्हणाले, "मी उभा राहतो. मला वाटा नको."

ते टेबलाकडे पाठ करून उभे राहिले. त्यामुळे त्यांचं तोंड शेडकडे झालं, जिथे मालिनीबाई डावातल्या भाताकडे बघत बसल्या होत्या. मी दोघांनाही पाहत होते. एकनाथरावांनी मान खाली घातली नाही.

"ज्यांना वाटा पाहिजे त्यांनी नाव द्या," मावशींनी जाहीर केलं. "नाव मोठ्याने पुकारलं जाईल."

कॅपवाला विद्यार्थी आधी आला. मग त्या दोघी मैत्रिणी. मग एक जोडपं, ज्यांना मी मागच्या दारी पाहिलंसुद्धा नव्हतं. काही जण उठले आणि परत बसले, त्यांचीही मला कीव आली. मावशी बोट ठेवायच्या, "हा कोणाचा?" आणि एकनाथरावांचा आवाज नदीपर्यंत जायचा, "प्रथमेश!" "ग्रेसी!" "अस्मिता!" शेवटचा वाटा उरला. एकनाथराव थांबले. समोर श्रीरामकाकांशेजारी उभ्या असलेल्या पोराने हात वर केला होता.

"अक्षत," एकनाथराव म्हणाले.

अक्षत आला. कान लाल झाले होते, पण आला. वाट्यात त्याला काळीज आणि मोठ्ठं हाड मिळालं आणि त्याने ते काळी पिशवी न मागता काखोटीला मारलं.

टेबल रिकामं झालं. माझं पोटही रिकामं झालं, मानांसकट. लॉइसने विचारलं, हा माणूस तिकडे तोंड करून का उभा होता? उत्तराने समजावलं. लॉइसने रिकाम्या टेबलावर हात फिरवला. मग फोन काढून बाजारवाल्यांना म्हणाली, "मंडेचा ट्रेलर पाठवू नका. नाही, अजून नाही." त्यानंतर ती माझ्या पायरीवर बसली आणि मसालेभात मागून घेऊन पोटभर जेवली.

त्या रात्री वायर मालिनीबाईंनीच जोडली. दोनच दिवसांत श्रीरामकाका घरी आले. आत गेले नाहीत. माझ्याशेजारी उभे राहूनच बोलले, त्यामुळे शब्दन् शब्द मी ऐकला.

"वहिनी, माझ्या घरात दोन दिवस कोणी कोणाशी बोलत नाही. तुम्ही वाईट वाटून घेऊ नये म्हणून मी स्वतः आलो. पुढच्या वेळी ही गाडी नको. उत्तराने नुसतं यावं. किंवा खरंच आइस्क्रीम आणणार असेल तर गाडीसकट येऊ दे."

मालिनीबाई हाताची घडी घालून उभ्या होत्या. "भाऊजी, मी हे खात नाही. माझ्या घरात शिजत नाही आणि शिजणारही नाही. मला अजूनही ते आवडलेलं नाही."

"तेच तर म्हणतोय मी."

"पण माझी मुलगी आइस्क्रीम विकत नाही. ते मी खोटं बोलले होते, मला लाज वाटत होती म्हणून. ती बीफ विकते, आणि उजेडात विकते. तिची गाडी चालत नसेल तर तुम्ही मसालेभाताचं दुसरीकडे बघा."

श्रीरामकाका माझ्या चेरीकडे बघत राहिले. मग गेले. मालिनीबाईंनी माझ्या दाराला हात लावला, गार लागला तसा लगेच काढला आणि आत निघून गेल्या.

आता मी कशी आहे विचाराल तर गंज परत चढलाय आणि पुढच्या हिवाळ्याचा मला धाक आहे. लॉइसने नंतर दोन म्हाताऱ्या गाई विकल्या, बाकीचा कळप कुरणावर आहे. आता माणसं गट करून येतात, आधी जनावर वाटून घेतात, मग ते कापलं जातं. सगळे काही मराठी नाहीत, पण लॉइस सगळ्यांना 'वाट्टा' म्हणूनच देते आणि कोणालाही निवडू देत नाही. लहान शेतकरी आणखी दोन जोडले गेलेत. मोठ्या कारखान्यांना आमची खबरही नसेल. नसू दे. आम्हालाही त्यांना विचारून भाव ठरवायचा नाही.

यंदाच्या पिकनिकचं मला बोलावणं आलेलं नाही. मसालेभाताचंही आलेलं नाही म्हणे. आलंच नाही तर त्याच दिवशी आम्ही पार्काच्या फाटकाबाहेर, सार्वजनिक रस्त्यावर, परवान्यासह उभ्या राहणार आहोत. ग्रेसीमावशी शेपटाचं सूप आणणार आहेत. मालिनीबाई त्यांच्या शेजारी वेगळ्या टेबलावर वेगळ्या डावाने भात वाढणार आहेत. तुम्हाला जे खायचं ते खा, नको असेल तर नुसते गप्पा मारायला या. पण या समोरून. माझी एकच बाजू उघडी असेल, आणि मी तिथून हलणार नाही.